आप्पांच्या वाट्याचं मिनिट

सुगी आली की आमच्या कंग्राळीत माणसं दिसायची बंद होतात. दिसते ती भाताची धूळ, आणि धुळीतून ऐकू येतात खोकले. खोकल्यावरून ओळखायचं, हा कल्लाप्पा, ही त्याची बायको. पूर्वी बैल खोकायचे, आता मळणीचं मशीन खोकतं, आणि आमच्या मशीनचा खोकला असा जबरा की मार्कंडेय नदीपलीकडची माणसं रात्री उठून त्याच्यासाठी काढा उकळतात. मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायची मला सवय नाही, हे अख्ख्या बेळगाव तालुक्याला ठाऊक आहे.

परवा त्याच धुळीत शेजारची सून उभी होती. एका हातात भाताची पेंडी, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये तिचा नवरा, तिकडं कॅनडात गुडघाभर बर्फात. तो तिला बर्फ दाखवत होता, ती त्याला पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, दाखवत होती. दोघांचंही बोलायचं कधीच संपलं होतं. तरी चालू. तो नाक शिंकरतोय, ही बघतेय.

मी म्हटलं, "अगं, ठेव की आता. मशीन खोळंबलंय."

"ठेवायचं कशाला काका? फुकट हाय की."

फुकट. हा शब्द ऐकला की माझा उजवा अंगठा दुखतो. कारण बोलणं फुकट नव्हतं तेव्हाची एक सुगी मी पाहिली आहे, आणि त्या सुगीत साऱ्या गल्लीची सुखदुःखं या अंगठ्यातून सातासमुद्रापार जात होती.

तेव्हा आमच्याकडची निम्मी तरणी पोरं आखातात गेली होती. कुणी उद्यमबागेतली फाउंड्री सोडून, कुणी शेत भावाच्या गळ्यात घालून. त्यांना सरळ फोन लावायचा तर एवढा महाग, की "हॅलो" म्हणेपर्यंत फोनातला सगळा बॅलन्स संपायचा आणि उत्तराचा "हॅलो" यायला वाट उरायची नाही. मग कुणीतरी बेळगावच्या स्टँडजवळच्या दुकानातून कार्ड आणायची वाट दाखवली. कार्डाची गंमत अशी, की मस्कतला फोन लावायचाच नाही. आधी बेळगावातलाच एक नंबर लावायचा, गावातल्या गावात लावल्यासारखा. तिथं एक बाई उचलायची. माणूस नव्हे, नुसता आवाज, तोही इंग्रजीत. तिचं बोलून झालं की कार्ड खरडून निघालेला गुप्त आकडा दाबायचा, मग मस्कतचा नंबर दाबायचा, आणि शेवटी ते उभ्याआडव्या रेघांच्या जाळीचं बटण. एवढा लांब आकडा, की पहिलं बटण दाबलं तेव्हा भात हिरवं असायचं आणि जाळीपर्यंत पोचेतो लोंब्या पिकून माना टाकायच्या. मध्ये एक बोट चुकलं की बाई पुन्हा पहिल्यापासून. गल्लीत न चुकता दाबणारा मी एकटा. माझ्या अंगठ्याला त्या दिवसांत जो मान होता, तो देवळातल्या पुजाऱ्याच्या अख्ख्या हाताला नव्हता.

शेजारच्या निंगाप्पांच्या घरात दर शुक्रवारी दुपारी हा सोहळा व्हायचा. निंगाप्पांचा परशराम मस्कतला क्रेनवर होता आणि शुक्रवार त्याच्या सुट्टीचा. त्याची आई बाळाक्का डोक्यावर पदर घेऊन बसायची, बायको रेणुका चुलीपुढून हात पुसत यायची, कल्लाप्पासारखे शेजारी बोलावल्याशिवाय यायचे. मी नंबर लावून स्पीकर चालू करायचो. कार्डावरली बाई "वेलकम" म्हणाली की बाळाक्का तिला म्हणायची, "व्हय गं बाई, आलो." शेवटी ती "थँक्यू" म्हणाली की बाळाक्का म्हणायची, "बरं गं बाई." त्या बाईला साऱ्या मुलुखात कुणी उलट उत्तर दिलं असेल तर बाळाक्कानं.

स्वस्तातली लाइन ती. आवाज आडवळणानं यायचा, आणि कधीकधी आपलंच बोलणं क्षणभरानं माघारी कानात पडायचं. बाळाक्का पोराला विचारायची, "बरा हाईस न्हवं?" आणि तिला तिचाच आवाज विचारायचा, बरा हाईस न्हवं? ती त्यालाही उत्तर द्यायची.

आधी बाळाक्का बोलायची. मग रेणुका, भिंतीकडं तोंड करून. मग कल्लाप्पा घुसायचा, "परशा, तिकडनं टॉर्च आण रं मला, लई लांब फेकणारी." मग कुणाची तरी आत्या, कुणाचा तरी मेव्हणा. आणि सगळ्यांच्या शेवटी आप्पा. म्हणजे निंगाप्पा, घरचा धनी. गल्लीत लहानथोर सगळेच त्यांना आप्पा म्हणत. त्यांच्या हातात फोन यायला आणि कार्डावरल्या बाईनं "तुमचं एकच मिनिट उरलंय" असं इंग्रजीत सांगायला नेमकी गाठ पडायची. तिचं सांगणंच अर्धं मिनिट चालायचं. आप्पा दचकून फोन कानापासून लांब धरायचे.

"ही काय म्हणत्याय?"

"वेळ संपला म्हणत्याय आप्पा. बोला बोला, लवकर."

लवकर बोला म्हटल्यावर बोलणं सुचतं तो माणूस पुढारी होतो. आप्पा शेतकरी होते. ते म्हणायचे, "हॅलो." तिकडून परशराम म्हणायचा, "आप्पा, बरं हाय न्हवं?" आणि लाइन कट. मग आप्पा बंद पडलेल्या फोनला सांगायचे, "बरं हाय." कल्लाप्पा खदाखदा हसायचा. आम्हीही. न हसायला आम्ही काय दगड होतो?

आप्पांना हवं होतं ते एवढंच, की एकदा, फक्त एकदा, मध्ये ती बाई नसताना पोराशी पोटभर बोलावं. काय बोलणार होते ते त्यांनाही ठाऊक नसावं. पण त्या सुगीत ती गोष्ट त्यांच्या डोक्यात कुसळासारखी शिरली. खळ्यावर पिंजराची गंजी रचताना मध्येच थांबून मला विचारायचे, "बाबू, ती बाई सुट्टीवर कवा जात्याय रं?"

आता एक रीत सांगतो. ती कुणी घातली नव्हती, आपोआप पडली. कार्डावरून फोन केला की तिकडच्या पोरांच्या मोबाइलवर भलताच नंबर दिसायचा, कधी या देशाचा, कधी त्या. भलता नंबर दिसला की पोरं खुशाल उचलायची. घरून खुशालीचा फोन आहे, टॉर्चचा आहे, साबणाचा आहे. पण घरात मयत झाली की कार्ड आणायला बेळगावला कोण जातो? मग लोक दातावर दात ठेवून घरच्या मोबाइलवरून सरळ फोन लावायचे. तिकडं स्क्रीनवर घरचा खरा नंबर उमटायचा. त्या वर्षी पावसाळ्यात आमच्या भागात ओळीनं म्हातारी माणसं गेली, ओळीनं असे सरळ फोन गेले, आणि आखातातल्या खोल्याखोल्यांतून पक्कं झालं, की घरचा नंबर दिसला म्हणजे कुणीतरी गेलं. उचलायची गरजच नाही. एका खोलीत आठ-आठ, दहा-दहा जण. नंबर चमकला की बोलणी थांबायची, एकजण उठून चहा ठेवायचा, दुसरा खाटेखालची बॅग ओढायचा. फोन आपला वाजून वाजून गप्प.

ही रीत साऱ्या गल्लीला माहीत होती. एका आप्पांना सोडून. सगळ्यांत शेवटी फोन मिळणाऱ्याला बातम्याही शेवटीच मिळतात.

एका दुपारी सगळे भात कापायला गेलेले. आप्पा घरात एकटे. त्यांनी आधीच गुपचूप रेणुकाच्या मोबाइलवर रिचार्ज मारून घेतला होता. दुकानदार कन्नड, आप्पांचं कन्नड बाजारापुरतं. तरी "फुल्ल हाकी", म्हणजे सगळा भरा, एवढं बरोबर म्हणून आले. रेणुकानं मस्कतचा नंबर भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवला होता, कॅलेंडरच्या शेजारी, मोठ्या आकड्यांत. आप्पांनी भिंतीकडं बघत एकेक आकडा दाबला. बाई नाही, जाळी नाही, गुप्त आकडा नाही. सरळ. फोन वाजला. वाजत राहिला. पोरगं कामावर असेल म्हणून आप्पांनी मोबाइल होता तिथं ठेवला, आणि डोक्याला टॉवेल बांधून खळ्यावर येऊन पिंजरावर निजले.

तिकडं मस्कतला चहा ठेवला गेला होता.

परशराम तसा शहाणा. त्यानं खात्री करायला मला फोन लावला. मी मशीनवर. नाकातोंडात धूळ, कानात घरघर.

"बाबू, घरात कसं हाय?"

"बरं हाय की!"

"आई?"

"बरी हाय."

"आणि आप्पा?"

नेमका मला ठसका लागला. भाताचं कुसळ घशात गेलं की बोलता येत नाही, डोळ्यांतून पाणी येतं, आवाज घोगरा होतो. मी खोकलो, थांबलो, पुन्हा खोकलो, आणि मोठ्या कष्टानं म्हणालो, "आप्पा... आप्पा बी बरं हाईत. तू काळजी करू नको."

आता वाचणारा म्हणेल, यात काय झालं? त्याला आमचा मुलूख माहीत नाही. आमच्याकडं फोनवर मरण सांगत नाहीत. परमुलखात एकट्या माणसाला धक्का नको म्हणून "सगळं बरं हाय, काळजी करू नको" असंच सांगतात, आणि सांगताना घसा असाच दाटतो. खरोखर सगळं बरं असलं तर सांगायचं कसं, याची सोय आमच्या पूर्वजांनी करूनच ठेवलेली नाही. "आप्पा गेले" म्हणालो असतो तर परशरामला शंका तरी आली असती. "बरं हाईत" म्हटल्यावर संपलंच. खोकल्यावर कुणाचा ताबा असतो?

तो निघाला. विमानानं गोव्यात, तिथून गाडीनं चोर्ला घाट चढून जांबोटीत. जांबोटीत त्याला न्हाव्याचं दुकान दिसलं. अग्नी तर देऊन झाला असणार, निदान घरात शिरताना तरी थोरल्या लेकासारखं शिरावं म्हणून त्यानं तिथंच गोटा करून घेतला, मिशीसकट. बेळगावात आल्यावर एका स्टुडिओत थांबून मोबाइलमधल्या लग्नाच्या फोटोतले आप्पा मोठे करून घेतले, चौकटीत बसवले, वर चंदनाच्या भुशाचा हार. पुढं धावपळीत राहायला नको म्हणून. परशराम पहिल्यापासून हिशेबी.

आणि असा तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीतून उतरला. तुळतुळीत डोकं, बगलेत कन्नड पेपरात गुंडाळलेली चौकट. उतरला आणि त्यानं हंबरडा फोडला. काय हंबरडा! हिंडलग्याच्या जेलातले कैदी सुटका झाली म्हणून उठून बसले असतील.

आमच्या बायकांची एक जुनी चाल आहे. रडणाऱ्याला आधी साथ द्यायची, कोण गेलं ते मागून विचारायचं. बाळाक्का सुपातलं भात फेकून धावली आणि लेकाच्या गळ्यात पडून रडू लागली. रेणुका नवऱ्याचं टक्कल बघून उंबऱ्यातच बसली आणि तिनं सूर लावला. मग उरलेली गल्ली. मशीन बंद पडलं. कल्लाप्पानं टोपी काढली. सगळे रडतायत आणि कोण मेलंय याचा कुणालाच पत्ता नाही! त्या गर्दीत मागून वाट काढत, टॉवेलानं डोळे पुसत, केसांत पिंजर अडकलेले आप्पा पुढं आले. तेही रडत होते. लेकाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं,

"कोण गेलं रं परशा?"

परशरामनं मान वर केली. बघितलं.

"तुमी," तो म्हणाला.

मग आधी कल्लाप्पा हसला. मग मी. मग सगळ्या गल्लीनं जे हसणं काढलं, ते ऐकून बाजूच्या गल्लीतली माणसं वरात आली म्हणून दारात येऊन उभी राहिली. बायका रडता रडता हसत होत्या, नाकं गळत होती. हसत नव्हते ते दोघंच.

मी तेव्हा परशरामचा चेहरा पाहत होतो. बाप जिवंत दिसल्यावर माणूस मिठी मारेल, पाया पडेल. त्याच्या चेहऱ्यावर तसं काही आलं नाही. बस चुकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतं, ते आलं.

"डायरेक्ट फोन कुणी केलता?"

"मी," आप्पा म्हणाले.

"कशाला?"

"बोलायचं हुतं."

"मग बोला की! आता आलोय न्हवं? बोला!"

सगळी गल्ली आप्पांच्या तोंडाकडं बघू लागली. बाई नव्हती, मिनिट मोजणारं कुणी नव्हतं, पोरगं समोर हातभर अंतरावर. आप्पांनी टॉवेलाची घडी घातली, मोडली. जमिनीकडं बघत म्हणाले,

"जेवलास काय, इचारायचं हुतं."

दुसऱ्यांदा हसलो आम्ही. पहिल्यापेक्षा जास्त. पेपर फाटून चौकट उघडी पडली होती. आप्पांनी ती उचलली, हाताएवढ्या लांब धरली आणि निरखून म्हणाले, "फोटो झ्याक आलाय."

खरं नवल पुढंच. त्या हंबरड्याची बातमी मोबाइलवरून चहूकडं गेलीच होती. दुसऱ्या दिवशी निपाणीकडून, खानापूरकडून पाहुणे गाड्या करून आले. आलेल्याला उपाशी कसं पाठवणार? मोठं पातेलं चढलं. आप्पा स्वतः वाढायला फिरत होते. आपल्याच दिवसाच्या जेवणावळीत आपल्या हातानं आमटी वाढणारा माणूस मी जगात एकच पाहिला. निपाणीच्या एका पाहुण्यानं ताटावरून वर बघत विचारलं, "मयताचा आजार काय हुता म्हणायचा?" आप्पा म्हणाले, "फोन," आणि त्याला आणखी भात वाढला. कल्लाप्पा तर सुटलाच होता. "आप्पा, मेल्यावर माणूस हलकं हुतंय म्हणत्यात. तुमी तर चांगलं जाड झालासा की!"

हे झालं हसण्यावारी. पण परशरामला सुट्टी मिळाली होती ती बाप मेला म्हणून. त्याचा कॅम्पचा साहेब खानापूरकडचा, त्याच्याच खोलीत राहणारा, कडक. लग्नाला सोडायचा नाही, आजाराला सोडायचा नाही. मयतीला तेवढा सोडायचा. त्यानं परशरामला रडून निरोप दिला होता, खोलीनं कांदा-लसूण सोडून स्वयंपाक केला होता. आता परत जाऊन "बाप हाय, चूक झाली" म्हटलं तर खोटारडा म्हणून नोकरी जाणार. मसूर पेरून झाल्यावर बापलेक ओट्यावर बसले होते. मी कुंपणाला टेकून ऐकत होतो. शेजाऱ्यानं दुसरं काय करायचं?

"आप्पा, शुक्रवारी तुमी आता फोनवर येऊ नका."

"बरं."

"आवाज बी काढू नका. साहेब शेजारच्या खाटंवर आसतोय. त्येला मराठी सगळं कळतंय."

"बरं. पण खोकला आला तर रं?"

"तोंडावर टावेल धरा."

परशराम गेला. डोक्यावर नुकते कुठं खुंट उगवले होते.

नंतरचे शुक्रवार मला अजून दिसतात. पुढच्या सोप्यात तसेच सगळे बसलेले. मी आकडे दाबतोय, बाई वेलकम म्हणतेय, बाळाक्का तिला ओ देतेय. भिंतीवर हार घातलेले आप्पा; फोटो एवढा चांगला आलेला, टाकायचा कसा म्हणून लावून टाकला होता. आणि फोटोच्या बरोबर खाली खरे आप्पा, दोन्ही हातांनी तोंडावर टॉवेल दाबून. डोळे तेवढे फोनकडं. बाई म्हणायची, एकच मिनिट उरलंय. ते मिनिट आता कुणाचंच नव्हतं. कल्लाप्पा त्यात टॉर्चची आठवण करायचा.

एकदा टॉवेलातून खोकला निसटला. आप्पांचा खोकला, कोरडा, तीन ठोक्यांचा, साऱ्या शिवारात ओळखीचा. स्पीकरवरून तो मस्कतच्या खोलीत गेला. तिकडून साहेबाचा आवाज आला, "कोण खोकतंय रं परशा?" आणि परशरामचा, "काय न्हाय साहेब. शेजारचा हाय एक."

झालं! आप्पांना नवं नाव मिळालं. दुसऱ्या दिवसापासून कल्लाप्पा त्यांना गाठून विचारायचा, "काय शेजारी, जेवलासा काय?" पोरंटोरं आडून ओरडायची, "शेजारीऽऽ!" आप्पा मान हलवायचे. घरात अंग चोरून वागू लागले. पाणी हवं तर मागायचे, जणू दुसऱ्याच्या घरी आलेत. रेणुका एकदा चिडून म्हणाली, "आप्पा, तुमचंच घर हाय की!" तर वर फोटोकडं बोट करून म्हणाले, "त्येचं."

मेलेला माणूस किती दिवस जगणार? मसूर फुलावर आली, निळसर पांढरं बारीक फूल, दवानं ओलं. आणि त्याच सुगीच्या शेपटाला, एका शुक्रवारी पहाटे, आप्पा उठले नाहीत. कुणाला वाटलं निजलेत, कुणाला वाटलं पुन्हा गंमत. कल्लाप्पानं "शेजारी, ओ शेजारी" म्हणून हलवून बघितलं. मग त्यानं टोपी काढली, आणि या वेळी आम्ही कुणी हसलो नाही.

रेणुकानं मोबाइल घेतला, भिंतीवरचा नंबर बघून सरळ लावायला सुरुवात केली. बाळाक्कानं तिचा हात धरला.

"नको गं. त्येचा बाप मागंच मेलाय. एक बाप दोनदा कसा मरंल?"

बरोबर होतं तिचं. दुसऱ्यांदा मरायची सुट्टी कोणती कंपनी देते? दुपारपर्यंत थांबायचं ठरलं. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या वाटेनं, कार्डावरून.

सोप्यात आप्पांना आडवं ठेवलेलं, वर त्यांचा फोटो. हार आधीच घातलेला. मी आकडे दाबले. माझा अंगठा आयुष्यात पहिल्यांदा चुकला. पुन्हा लावला. बाई म्हणाली, वेलकम. बाळाक्का तिला काही बोलली नाही. परशरामनं भलता नंबर बघून खुशाल उचलला.

"हां आई, बोल. सुगी झाली काय? मसूर कशी हाय?"

"बरी हाय. फुलावर आल्याय." बाळाक्कानं पदर तोंडाशी नेला, काढला. "परशा... आपला शेजारचा गेला रं. पहाटं."

स्वस्तातली लाइन. बोलणं गेलं, आडवळणानं पोचलं. तिकडून खाटेचा करकर आवाज, आणि साहेबाचं दणदणीत, "काय झालं रं परशा?"

"काय न्हाय साहेब. शेजारचा हाय एक. गेला."

"अरेरे. वय झालतं काय?"

"झालतं."

त्याचं हे बोलणं आमच्या स्पीकरवर आदळून त्याच्या कानात माघारी गेलं असणार. झालतं. रडता येत नव्हतं त्याला. शेजाऱ्यासाठी कुणी किती रडतं? बाप मेल्याचं रडणं तर तो आमच्या गल्लीत, सगळ्यांसमोर, कधीच रडून बसला होता.

आता तो कायमचा घरी परतला आहे. सोप्यातल्या त्याच जागी बसतो आणि कुठलाही फोन पहिल्याच रिंगला उचलतो. कर्ज हवंय का म्हणून विचारणाऱ्यांशीही अर्धा अर्धा तास बोलतो. फुकट असतं ना.

पण त्या दुपारी फुकट काही नव्हतं. बाई मध्ये आली आणि तिनं इंग्रजीत सांगितलं, एकच मिनिट उरलंय. सोप्यातलं कुणी हललं नाही. रेणुका उठली. तिनं माझ्या हातातून मोबाइल घेतला, आप्पांशेजारी बसली आणि त्यांच्या कानाला लावून धरला. कल्लाप्पानं टॉर्चचं नाव काढलं नाही. पहिल्यांदाच ते मिनिट पुरतं आप्पांच्या वाट्याला आलं. स्पीकरमधून नुसता श्वास येत होता, आत जाणारा, बाहेर येणारा. मिनिट सरत आलं तेव्हा परशराम बोलला, हळू, कुठल्या तरी पोराशी बोलावं तसा, साहेबाला ऐकू गेलं तरी चालेल असा.

"जेवलास काय रं?"

मग बाईच्या आवाजात, "थँक्यू."

बाळाक्का जागेवरूनच म्हणाली, "बरं गं बाई."